चिवट खेळाडू कोणाला म्हणायचं?

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि आपल्या पांढुर्ण्यात गोटमार होते. त्या दोन-तीन दिवसांत आपल्या घरांमधल्या फोनवर दुसरा विषय नसतो. भोपाळ, पुणे, बंगळूर, कुठंही राहायला गेलेला माणूस आधी विचारतो, "यंदा झंडा कोणी तोडला?" आणि मग बोलणं हमखास जुन्या खेळाडूंवर येतं. कोणाच्या हातात किती जोर होता, कोणाचा नेम चुकत नसे, कोण डोकं फुटलं तरी नदीतून बाहेर यायला तयार नसे.

माझं गाव सौंसर आणि आजोळ पांढुर्णा. त्यामुळे या गप्पा मी दोन्हीकडे ऐकत वाढलो. सौंसरच्या घरी त्या चहा पिता पिता, तटस्थपणे चालत. आजोळी मात्र आवाज चढवून, पांढुर्णा पक्षाची बाजू घेऊन. "तसे खिलाडी आता राहिले नाहीत," हे वाक्य दोन्ही घरांत सारखंच असे.

नदी, पळस आणि दोन पक्ष

आपल्या नव्या पिढीतल्या अनेकांनी गोटमार प्रत्यक्ष पाहिलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. पूजा होते. मग दुपारभर दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो. पांढुर्ण्याच्या खेळाडूंनी कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोचायचं आणि ते तोडायचं. सावरगावनं त्यांना रोखायचं. शेवटी झेंडा चंडी मातेच्या मंदिरात जातो.

यामागची कथा सगळ्यांना पाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, दोघं नदीत अडकले, मुलीकडच्यांनी दगड मारले आणि मुलाकडचे त्यांना वाचवायला धावले. ही घटना कधीची, याचा दाखला कोणाकडे नाही. पण कथेचा अर्थ दोन्ही काठांना मान्य आहे. झाड म्हणजे ती मुलगी. एका गावाला ती न्यायची आहे, दुसऱ्या गावाला ती जाऊ द्यायची नाही.

आजोळच्या गप्पांमध्ये खेळाडूंचे तीन प्रकार असत. पहिला नेमबाज. त्याचं कौतुक सगळ्यात मोठ्या आवाजात व्हायचं. दुसरा कुऱ्हाडवाला. वरून दगड पडत असताना तो हात वर करून झाडावर घाव घालतो, म्हणजे स्वतःचं डोकं वाचवायला त्याच्याकडे हातच उरत नाही. त्याचं नाव आदरानं घेतलं जायचं. तिसरा प्रकार शेवटी, रात्र झाली की निघायचा. कोणी पडला तर दगडांच्या पावसात शिरून त्याला खांद्यावर टाकून काठाला आणणारा. त्याच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येई.

पण या खेळाडूंचं पुढं काय झालं, हे त्या गप्पांमध्ये क्वचितच कोणी विचारायचं. आजोळच्या गल्लीत शिवणकाम करणारे एक काका होते. एका डोळ्यानं त्यांना दिसत नसे. गोटमारीच्या दिवशी पोरं त्यांच्याकडे मोठ्या मानानं बघत. उरलेल्या वर्षभर सुईत दोरा ओवायला ते बायकोला हाक मारत. ती हाक आमच्या गप्पांमध्ये कधी आली नाही.

मोहन बागानची भिंत आणि जर्नेलचं बँडेज

अशा गप्पा फक्त आपल्याकडे चालतात असं नाही. आजची आपली मुलं रात्री जागून युरोपातले फुटबॉल सामने बघतात. त्यांना ठाऊक असेल की प्रत्येक क्लबचे जुने चाहते हेच करतात. गोल करणाऱ्यांची यादी झाली की "आमच्यातला सगळ्यात कणखर कोण?" यावर रात्र काढतात.

कोलकात्यात हा प्रश्न विचारला तर मोहन बागानचे चाहते गोष्ठ पाल यांचं नाव घेतात. बूट घातलेल्या गोऱ्या खेळाडूंसमोर हा बचावपटू अनवाणी उभा राहायचा. त्याला लोक 'चीनची भिंत' म्हणत. 1962 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू.

त्याच वर्षी जकार्ताला आशियाई खेळ झाले. मोहन बागानचाच बचावपटू जर्नेलसिंग भारताकडून खेळत होता. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. अशा डोक्यानं बचावफळीत उभं राहणं धोक्याचं, म्हणून त्याला पुढच्या फळीत खेळवलं. त्यानं उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला. भारत 2–1 नं जिंकला. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटीचे जुने लोक बर्ट ट्राउटमन या गोलरक्षकाची गोष्ट सांगतात. 1956 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅमच्या खेळाडूशी त्याची टक्कर झाली. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. मान धरून तो शेवटपर्यंत गोलपाशी उभा राहिला. सिटी 3–1 नं जिंकली. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मानेचं हाड मोडलं होतं.

उलट इटलीच्या क्लाउडिओ जेंटिलेची आठवण काढताना चाहत्यांमध्ये भांडणं होतात. 1982 च्या विश्वचषकात त्यानं मॅराडोनाला इतकं धरलं, ओढलं आणि पाडलं की तो सामना आजही वादाचा विषय आहे. इटली जिंकली, पुढं विश्वचषकही जिंकली. तरी जेंटिलेच्या नावापुढं 'पण' लागतोच. जर्नेलच्या आणि ट्राउटमनच्या नावापुढं तो लागत नाही. मार दिला त्याचं नाव वादात राहतं, मार खाऊन जो उभा राहिला त्याच्याबद्दल दोन मतं नसतात.

असाच एक ओढा

इंग्लंडमधल्या डर्बीशर भागात ॲशबोर्न नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या मधून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले एका पक्षाचे, दक्षिणेला जन्मलेले दुसऱ्या पक्षाचे. दरवर्षी लेंट सुरू होताना, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दोन दिवस अख्खं गाव एका चेंडूसाठी झुंजतं. दोन गोल एकमेकांपासून सुमारे तीन मैल दूर. दुकानदार आपापल्या काचांना फळ्या ठोकतात आणि झुंबड ओढ्याच्या पाण्यातून जाते. नियम थोडेच आहेत, आणि त्यांतला एक असा की कोणाचा जीव घ्यायचा नाही. 1928 मध्ये तिथं आलेल्या इंग्लंडच्या युवराजाच्या नाकातून रक्त आलं, असं गावकरी अजून अभिमानानं सांगतात.

आजचं फुटबॉल अशाच गावखेळांतून निघालं. 1863 मध्ये लंडनमध्ये क्लबांचे प्रतिनिधी नियम ठरवायला बसले, तेव्हा सगळ्यात मोठा वाद झाला तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याच्या हक्कावरून. ब्लॅकहीथ क्लबचं म्हणणं असं की लाथा बंद केल्या तर खेळातली मर्दानगी आणि धैर्यच निघून जाईल. बहुमत विरुद्ध गेलं आणि ब्लॅकहीथ उठून गेला. पण पुढं 1871 मध्ये रग्बीची संघटना उभी राहिली, तिच्यात ब्लॅकहीथही होता, आणि त्या संघटनेनंही लाथा बंद केल्या. म्हणजे आठ वर्षांत त्यांच्या गोटातही ते पटलं.

लाथा गेल्या म्हणून फुटबॉल मऊ झालं का? गोष्ठ पाल, ट्राउटमन, जर्नेल हे सगळे त्यानंतरचे. 1962 मध्ये चिली आणि इटलीचा सामना अक्षरशः हाणामारीचा झाला. त्याचे पंच होते केन ॲस्टन. पुढं पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना त्यांनीच काढली आणि 1970 च्या विश्वचषकात ती अमलात आली. खेळ चालू राहिला, चाहते वाढले, आणि कणखर खेळाडूंच्या गप्पाही थांबल्या नाहीत.

आपल्या काठावर

पांढुर्ण्यातही प्रयत्न झाले. 2001 मध्ये प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू दिले. ते टिकलं नाही, लोकांच्या हातात पुन्हा दगड आले. त्याआधी 1978 आणि 1987 मध्ये पोलिसांनी गोळी चालवली आणि त्यात माणसं गेली. म्हणजे वरून लादलेली बंदी आणि वरून वाटलेले चेंडू, दोन्ही आपल्या लोकांनी नाकारले. जमावबंदी लागते, दोन्ही काठांवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या राहतात, तरी दरवर्षी शेकडो जखमी होतात. आजवर गेलेल्या जिवांची संख्या डझनाच्या वर आहे. टाके घालून पुन्हा नदीकडे धावणारी पोरं दरवर्षी दिसतात, आणि घरी त्यांच्या आया देवापुढं बसलेल्या असतात.

ॲशबोर्नमध्ये आणि 1863 च्या लंडनमध्ये नियम खेळणाऱ्यांनीच केले. मला वाटतं आपल्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे. गोफणीचंच बघा. गोफणीनं भिरकावलेला दगड कुठवर जाईल आणि कोणाला लागेल, याचा नेम नसतो. तिच्यावर सरकारी बंदी आहे, पण "गोफण चालवणारा खरा खिलाडी नाही," हे मी आजोळच्या जुन्या माणसांकडूनच ऐकलं. खेळात काय शोभतं आणि काय नाही, याची जाण नदीच्या दोन्ही काठांवर होतीच. ती पुढं न्यायची आहे. पळस राहू दे, पूजा राहू दे, कुऱ्हाड आणि झेंडा राहू दे. झाडापर्यंत पोचण्याची चुरस दगडाशिवाय कशी होईल, हे पांढुर्णा आणि सावरगावच्या तरुणांनी एकत्र बसून ठरवलं तर ते टिकेल. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आपल्या जिल्ह्याची ओळख संत्री आणि जामसावळीच्या हनुमानाबरोबर कशानं व्हावी, हे ठरवणंही आता आपल्याच हातात आहे.

लांब राहणाऱ्या तरुण वाचकांना एक काम सांगतो. पुढच्या पोळ्याला गावी आलात, किंवा फोनवर बोललात, तर आजोबांना नेमबाजाचं नाव विचाराच. पण तेवढ्यावर थांबू नका. पडलेल्याला उचलून कोण आणायचं, तेही विचारा. त्या दिवशी जखमांना टाके कोणी घातले, रात्री कोणाच्या घरी चूल पेटली नाही, तेही विचारा. आजीला वेगळं विचारा, कारण ती वेगळी नावं सांगेल. ती नावं आणि त्या आठवणी वहीत उतरवून ठेवा. जुने खेळाडू आता थोडे उरले आहेत, आणि त्यांच्या गोष्टींतला हा भाग आजवर कोणी नीट लिहून घेतलेला नाही.