परसदाराची आठ दशके

ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यामुळे तेथून येणारा तांदूळ १९४२ साली बंद झाला, आणि पुढल्याच वर्षी मुंबईत रेशन सुरू झाले; याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही सरकारी मोहीम निघाली, तेव्हा शेतांप्रमाणेच घरामागील मोकळ्या जमिनीचीही आठवण अंमलदारांना झाली. त्या मोहिमेचा जो हिशेब दप्तरी राहिला तो एकरांचा आणि टनांचा. ज्यांनी मागील दारी चार आळी केली त्यांच्या ताटात काय फेर पडला, हे टिपून ठेवण्याची तजवीज कोणी केली नाही. वास्तविक घरच्या बागेचे खरे उत्पन्न त्या ताटातच मोजावयास हवे होते.

आपल्याकडे परस ही काही मोहिमेने शिकविलेली गोष्ट नव्हे. आडाच्या काठी कढीपत्ता, मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळ, कुंपणाशी शेवगा, मांडवावर दोडका, आणि उकिरड्याच्या कडेला आपोआप रुजून छपरावर चढलेला भोपळा, ही मांडणी थोड्याफार फरकाने पुष्कळ गावांत आढळे. या बागेचा स्वभाव असा की ती खाणाऱ्याची आवड विचारीत नाही. श्रावणात दोडके धरले म्हणजे एकदम धरतात, आणि शेजारीपाजारी वाटून उरले तरी ते संपवावेच लागतात. या सक्तीतूनच आपल्या स्वयंपाकाचे कितीतरी वैभव निर्माण झाले: दोडक्याच्या शिरांची चटणी, अळूचे फदफदे आणि त्याच्याच देठांची दह्यातली देठी, भोपळ्याच्या फुलांची भजी, शेवग्याच्या फुलांची व पाल्याची भाजी, आणि जमिनीत राहून जून झालेल्या मुळ्याच्या शेंगा, म्हणजे डिंगऱ्या. यांतील बरेचसे जिन्नस बाजाराच्या उपयोगाचे नव्हेत, कारण ते तोडल्यावर लवकर कोमेजतात आणि दलालाला त्यांत फारसे सुटत नाही. स्वतः वाढविलेली भाजी चाखून पाहण्यास मुले अधिक राजी असतात, असे देशोदेशीच्या शालेय बागांच्या अभ्यासांत आढळले आहे, आणि ते खरेच आहे. परंतु माझ्या मते आवडीपेक्षाही अधिक काम केले ते या सक्तीने.

वर्ध्यास मगनवाडीत असताना गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मधून मुळा, गाजर, सलगम यांचा कोवळा पाला कच्चा खाण्याची शिफारस केली, ती आहारशास्त्राच्या पुस्तकांच्या आधारे. मुळ्याच्या कंदापेक्षा त्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य पुष्कळ अधिक असते. परसवाल्या घरात मात्र हे ज्ञान नसतानाही तो पाला भाजीत पडतच असे.

१९६५ च्या अन्नटंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या सरकारी निवासस्थानाची हिरवळही नांगरली. पुढे १९७२ च्या दुष्काळात आड आटले तेव्हा परसही वाळले, आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. परस ही पाण्याची मिरास आहे, हे विसरून त्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्यानंतर वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, परस गेले आणि मंडई उरली. मंडईत निवड अपार, असे आपण समजतो. प्रत्यक्षात निवडण्याचा अधिकार मिळताच बहुतेक घरांनी बटाटा, फ्लॉवर, भेंडी आणि वाटाणा एवढ्यांवरच बारा महिने काढले, आणि ताटातील विविधता निवडीच्या स्वातंत्र्यानेच रोडावली.

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात २९१ प्रौढांवर झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना सामूहिक बागेत वाफे मिळाले, बाकीच्यांना वर्षभर थांबविण्यात आले. थांबलेल्यांच्या तुलनेत बागकऱ्यांच्या आहारातील तंतू दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमने वाढले. आकडा लहान आहे. परंतु कोणास उपदेशाने अमुक खा म्हणून सांगितले नसता, बाग हाती दिल्याने तो वाढला, ही बाब मला मोठी वाटते.

मातीइतकेच महत्त्व बियाण्यालाही आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, पालेभाज्या यांचे गावठी बियाणे जपले आणि त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. वाफा कोणासही करता येतो, पण त्यात काय उगवेल याचा निर्णय बियाण्याकडे असतो, आणि हल्लीच्या गच्चीवरील बागांचे बियाणे बहुधा दुकानातल्या पाकिटांतून येते, म्हणजे मंडईचीच निवड गच्चीवर चढते. तेथे ब्रोकोली डौलाने वाढते, तिची छायाचित्रेही निघतात, आणि मुळा मात्र डिंगऱ्या धरण्यापूर्वीच उपटला जातो, कारण कुंडी पुढल्या रोपासाठी रिकामी हवी असते.