घरच्या संगणकाची छोटी अवजारे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीच्या शेतकऱ्याची मुलगी कृषी पदवीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती. मुदतीचा शेवटचा दिवस. शेतकऱ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या जादा गुणांसाठी सातबारा जोडायचा होता. तो संगणकात होता, पण सापडेना. फोटो जोडावा, तर 'आकार मोठा' म्हणून नाकारला जाई. मुलगी रडकुंडीस आली. "काका, आता नवा संगणकच घ्यावा लागेल."

म्हटले, "अगं, तण माजले म्हणून कोणी रान विकते का? आधी खुरपे हाती घे."

विंडोजच्या संगणकाला अशी मोफत खुरपी पुष्कळ मिळतात. त्यांपैकी तीन पाहू.

शोधायला 'एव्हरीथिंग' : हे फायलींच्या नावांची यादी आधीच करून ठेवते. त्यामुळे दोन-चार अक्षरे टाइप करताच नावे समोर येतात. मात्र ते एरवी नाव पाहते, आतला मजकूर नव्हे. त्या घरी सातबाऱ्याचे नाव 'स्कॅन १२' असे पडले होते. अखेर तारखेच्या क्रमाने यादी लावली तेव्हा तो सापडला. म्हणून गट क्रमांक आणि वर्ष घालूनच नाव द्यावे.

फोटो लहान करायला 'पॉवरटॉइज' : मायक्रोसॉफ्टचा हा संच २०१९ साली नव्या रूपात आला. फोटोवर माउसचे उजवे बटण दाबून 'इमेज रिसायझर' निवडले की लहान प्रत तयार होते व मूळ फोटो शाबूत राहतो. याच संचातील 'पॉवररिनेम' अनेक फायलींची नावे एकदम बदलते. संच मोठा आहे; लागत नाहीत ती अवजारे बंद ठेवावीत.

गठ्ठा बांधायला 'सेव्हन-झिप' : १९९९ पासूनचे हे अवजार अनेक कागद एकाच फायलीत बांधते, त्याला पासवर्डही लावता येतो. फोटो मात्र यात फारसे लहान होत नाहीत, कारण ते आधीच दाबून साठवलेले असतात. फोटोसाठी वरचेच अवजार वापरावे.

एक सावधगिरी. मी स्वतः एकदा घाईत जाहिरातीतले 'डाउनलोड'चे बटण दाबले. भलतेच प्रोग्राम आत शिरले, संगणक पुसून घ्यावा लागला आणि दोन हंगामांच्या पीक-नोंदी गेल्या. बियाणे जसे खात्रीच्या दुकानातून पावतीसह घेतो, तसे अवजार मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी.

या अवजारांनी जुना संगणक वेगवान होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तिन्ही एकदम घेऊ नयेत. ज्या कामाला अडते त्याचेच आधी घ्यावे. कागद सापडत नसतील, तर पहिला मान 'एव्हरीथिंग'ला.

त्या मुलीचा अर्ज दिवेलागणीच्या आत गेला. नव्या संगणकाचे पैसे घरातच राहिले.