काटा म्हणतो ओके, आरसा म्हणतो जाड!

वजनकाटा म्हणतो, 'ऑल इज वेल'. आरसा म्हणतो, 'किती सुटलीयस!' आता विश्वास कुणावर ठेवायचा? टीनएजर्सना विचारा, त्यांचं मत आरशालाच!

माझी मावसबहीण पंधरा वर्षांची. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ४७ किलो. मावशीकडे गेले तेव्हा कळलं, की बाईसाहेब डब्यातली पोळी मैत्रिणीला देऊन टाकतात आणि रात्री नुसती काकडी खातात. कारण? 'ताई, माझ्या मांड्या बघ ना!' मी मोबाइलवर हिशोब केला. बीएमआय आला १९.३. या वयात तो मोठ्यांच्या नव्हे, वयानुसार असलेल्या तक्त्यात बघायचा असतो. तिथेही एकदम नॉर्मल! तिचं उत्तर तयार होतं, 'आकडा ठीक आहे गं, पण दिसते तर जाडच ना!'

खरी गोची इथेच आहे. वजन बरोबर, पण स्वतःबद्दलचा अंदाज साफ चुकलेला. वयात येताना मुलींच्या मांड्या-नितंबांवर चरबी वाढणं हा निसर्गाचाच प्लॅन. पण नेमकं तेच त्यांना 'सुटणं' वाटतं. मुलांचं बरेचदा उलटं. धडधाकट पोरगा स्वतःला काडीपैलवान समजतो आणि प्रोटीन पावडरच्या डब्यामागे लागतो.

हे खूळ येतं कुठून? फिजी बेटांची गोष्ट ऐका. तिथे भरलेलं अंग म्हणजे चांगल्या घरचं लक्षण मानलं जायचं. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी शून्य होत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के! आणि ७४ टक्के मुलींना आपण जाड आहोत असं वाटू लागलं होतं.

तो जमाना नुसत्या टीव्हीचा. आपल्याकडे २००८ मध्ये 'टशन' आला आणि करीनाची झिरो साइज आम्हा शाळकरी मुलींच्या डब्यापर्यंत पोचली. आता तर फिल्टर लावलेले चेहरे चोवीस तास खिशात. इन्स्टाग्राममुळे अनेक टीनएज मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं मत आणखी बिघडतं, हे खुद्द कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात दिसल्याचं २०२१ मध्ये उघड झालं.

'वय आहे, होईल ठीक,' असं म्हणून सोडून देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना अ‍ॅनिमिया आहे. त्यात वर उपास! हाडांची बँक भरायचं वयही हेच. खाणं फारच तुटलं तर पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, अभ्यासात लक्ष लागत नाही.

मग आपण, म्हणजे पगार कमावणाऱ्या ताई-दादांनी काय करायचं?

* 'वॉव, किती बारीक झालीस!' ही कॉम्प्लिमेंट बंद. समोरची शाळकरी मुलगी त्यातून 'बारीक म्हणजे भारी' एवढंच शिकते.
* तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. आपलं 'चीट डे'चं गिल्ट ती कान देऊन ऐकत असते.
* 'तू जाड नाहीस गं' म्हणून विषय संपवू नका. असं का वाटतं, कोण काय बोललं, ते विचारा.
* वजनाऐवजी ताकदीबद्दल बोला. ट्रेकला न्या, बॅडमिंटन खेळा.
* जेवल्यावर लगेच बाथरूम, पाळी चुकणं, झपाट्यानं उतरणारं वजन, एकटंच जेवणं... यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टर गाठा. ओरडू नका.

लग्नकार्यात 'काय गं, तब्येत सुधारली!' म्हणणाऱ्या काकू काही आपल्या हातात नाहीत. पण त्यावर आपण हसायचं की विषय बदलायचा, हे नक्कीच आहे. पुढच्या वेळी विषय बदला, बॉस!