शेततळें वाढवितांना अस्तर जोडावें कीं बदलावें?

फळबागेसाठीं प्लास्टिकच्या कागदाचें अस्तर घालून केलेलें शेततळें बाग वाढल्यावर अपुरें पडतें, व तें रुंदावावें लागतें. अशा वेळीं जुन्या कागदाखालीं नव्याची कड नुसती सारून भागविण्याचा मोह होतो. तो टाळावा. न सांधलेल्या कडेंतून पाणी वाट काढतें, आणि ऐन उन्हाळ्यांत बागेस द्यावयाचें पाणी जमिनींत मुरून जातें.

जोड द्यावयाचाच तर दोन्ही कागद एकाच जातीचे असावेत व सांधा यंत्राच्या उष्णतेनें वितळवून करावा. उन्हानें कडक होऊन दुमडतांच तडकणारा जुना कागद मात्र असा सांधा धरीत नाहीं. तेव्हां नवा अखंड कागद घ्यावा. जुना स्वच्छ करून त्याखालीं अंथरल्यास खड्यांपासून नव्याचें रक्षण होतें.

कागदाचें माप तळ्याच्या तोंडावरून घेऊं नये. तोंड ४० मीटर, खोली ३ मीटर व उतार उभ्या एकास आडवा दीड असल्यास तळ ३१ मीटर, दोन्ही उतार मिळून सुमारें ११ मीटर, आणि कांठाच्या चरांत पुरण्यास प्रत्येक बाजूस १ मीटर, असा एकंदर ४४ मीटर कागद लागतो. तोंडाच्या मापानें आणलेला कागद ४ मीटर तोकडा पडेल, हें खरेदीपूर्वींच ध्यानांत घ्यावें.