नाक्यावरचा फोन आणि खोक्यावरचे आकडे

नवरात्रात रात्री नऊनंतर टेंभी नाक्यावर उभं राहायला जागा मिळत नाही. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या या उत्सवाला ठाण्याबरोबरच कळवा, डोंबिवली, कल्याणहूनही माणसं येतात. देवीसमोर पोचलं की आधी हात जोडले जातात आणि पाठोपाठ फोन वर जातो. फोटो छान निघतो, पण घरच्या ग्रुपवर टाकायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. वरच्या कोपऱ्यात मात्र नेटवर्कच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. ‘फोन अगदीच टाकाऊ झालाय,’ असं म्हणत माणूस तो खिशात टाकतो आणि दिवाळीत नवा घ्यायचं पक्कं करतो.

बिचाऱ्या फोनचा यात काहीच दोष नसतो. दांड्या फक्त टॉवरकडून येणाऱ्या लहरींची ताकद दाखवतात. त्या लहरींवर तुमच्या वाट्याला किती जागा आली, हे त्यांना ठाऊक नसतं. चाळीतल्या नळाला पाणी जोरात असलं तरी रांगेत शंभर हंडे असतील तर आपला हंडा भरायला वेळ लागणारच. एरवी आपण व्हिडिओ पाहतो, गाणी ऐकतो, म्हणजे माहिती टॉवरकडून खाली येते, आणि नेटवर्कची आखणीही बरीचशी त्याच हिशेबाने केलेली असते. उत्सवात सगळं उलटं होतं. हजारो माणसं एकाच वेळी फोटो वर पाठवू लागतात. हा वर जाणारा रस्ता मुळात अरुंद, कारण ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट ताकदीने लहरी सोडतो.

अशा वेळी साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. एका एसएमएसमध्ये जेमतेम १४० बाइट मावतात. तीन एमबीच्या एका फोटोत असे वीस हजारांहून जास्त एसएमएस बसतील. बोलण्यालाही सेकंदाला साधारण १२ हजार बिट पुरतात. म्हणून शेजारी बटणाचा फोन कानाला लावून कुणी ‘आम्ही कमानीपाशी आहोत, इकडे या’ असं निवांत सांगत असेल, तर त्यात नवल नाही. तीस हजारांचा नवा फोन घेतला तरी पुढच्या नवरात्रात तो याच रांगेत उभा राहणार.

टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याची मंडई आणि तिथून ठाणे स्टेशन अशी चक्कर मारली, तर प्रत्येक हातात वेगळा फोन दिसतो आणि तो घेण्याचं कारणही वेगळं असतं. काउंटरपलीकडच्या माणसाला यातली बरीच कारणं अडाणीपणाची किंवा चिकटपणाची वाटतात. विज्ञानाच्या कसोटीवर मात्र ती चांगलीच उतरतात. खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

ओल्या हाताचं गणित

‘दादा, साधा दाखवा. बटणाचा.’ भाजी, मासे, फुलं विकणारी मावशी असं म्हणते, तेव्हा तिला स्मार्टफोन परवडत नाही असा आपला समज होतो. तिचे हात दिवसभर ओले असतात, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

आजच्या टचस्क्रीनवर दाब देण्याची गरज नसते. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक, वीजवाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते आणि प्रत्येक छेदापाशी अगदी सूक्ष्म विद्युतभार साठवलेला असतो. आपलं शरीरही वीजवाहक. बोट जवळ आलं की त्या छेदापाशी भार साठवण्याची क्षमता किंचित बदलते. फोनमधली चिप ही जाळी सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा तपासत असते. बदल कुठे झाला यावरून बोट कुठे टेकलं हे ती ठरवते.

म्हणजे फोनला बोट कळत नाही, वीजवाहक वस्तू कळते. मंडईतून आणलेली काकडी कापून हातात धरा आणि तिचं ओलसर टोक स्क्रीनवर फिरवा. फोन तिलाही बोटच समजतो. आता काचेवर पाण्याचे चार थेंब टाका आणि त्यांच्यामधून बोट ओढा. रेघ मध्येच तुटते, उडी मारते, नको तिथे उमटते. पाण्याचा पापुद्रा बोटाला जोडला गेला की त्या सगळ्या ओल्या भागाचं मिळून एकच मोठं बोट झाल्यासारखं चिपला वाटतं. पाण्यात मीठ असेल तर गोंधळ आणखी वाढतो आणि मासळीवालीच्या हातावर मिठाचं पाणी असतंच. फोन ‘वॉटरप्रूफ’ असला म्हणूनही हे टळत नाही. आयपी ६८ या मानांकनातला पहिला आकडा धुळीबद्दल आणि दुसरा पाण्याबद्दल बोलतो, तोही पाणी आत शिरण्यापुरता. ओल्या बोटाने फोन लागेल, असं आश्वासन त्यात कुठेच नाही.

बटणाखाली मात्र धातूची एक छोटी घुमटी असते. दाबली की ती खाली बसते, दोन टोकं जुळतात आणि आकडा उमटतो. दाबणारं बोट ओलं, कोरडं, पिठाचं की हातमोज्यातलं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ने हे नेमकं हेरलं होतं: धुळीला दाद न देणारा कीपॅड, हातातून निसटू नये अशा खरखरीत कडा आणि डोक्यावर टॉर्च. जगभरात त्याचे २५ कोटींच्या आसपास नग खपले.

डिजिटल पैशांनी मावशीपुढे नवा पेच टाकला, पण त्यावरचा तोडगाही ओल्या हाताला सोयीचाच निघाला. गाड्यावर क्यूआर कोड टांगायचा आणि शेजारी बोलका डबा ठेवायचा. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं आणि पैसे आले की तो मोठ्याने सांगतो. हात पुसून स्क्रीन उघडायची गरजच उरत नाही.

उन्हातली रिक्षा

रिक्षावाल्याला विचारा, तो एका शब्दात उत्तर देईल: बॅटरी. अॅपवरचं भाडं, नकाशा, भर उन्हात दिसावी म्हणून पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन आणि सतत चालू डेटा, हे सगळं मिळून फोन सुमारे तीन-चार वॅट वीज खातो. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. भागाकार केला की पाच-सहा तास येतात. सकाळी स्टेशनला पहिलं भाडं घेतलं तर दुपारच्या जेवणापर्यंत फोन धापा टाकणार. बटणाच्या फोनची बॅटरी याच्या पाचव्या हिश्शाची असूनही चार-पाच दिवस सहज निघतात. त्याची स्क्रीन बहुतेक वेळ बंद असते आणि रेडिओही झोपलेला असतो. दर एक-दोन सेकंदांनी तो क्षणभर जागा होऊन ‘माझ्यासाठी कॉल आहे का?’ एवढंच पाहतो आणि पुन्हा झोपतो.

रिक्षातल्या फोनचा खरा वैरी मात्र ऊन. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन ध्रुवांमध्ये ये-जा करत असतात. प्रत्येक फेरीत थोडं लिथियम नको त्या अभिक्रियांमध्ये अडकून कायमचं बाद होतं. तापमान वाढलं की या अभिक्रियाही वेग घेतात आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर आणखीच. म्हणून काचेमागे, थेट उन्हात, चार्जरला लावलेला आणि शंभर टक्के भरलेला फोन ही बॅटरीसाठी सर्वात वाईट अवस्था. बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. एप्रिल-मेच्या दुपारी रिक्षाच्या काचेपाशी ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. मग फोन स्वतःला सांभाळायला स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि ‘फोन हँग होतो’ अशी तक्रार सुरू होते. जुने रिक्षावाले फोन मीटरच्या बाजूला सावलीत लावतात, मागचं जाड कव्हर काढून ठेवतात. दोन्ही उपाय बरोबर आहेत. त्यात एवढीच भर घालावी: उन्हात असताना ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढावा.

लोकलमधले दोन सिम

ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात दोन सिमचा फोन इतका रुळलाय की एकाच सिमचा फोन घेणारा वेगळा वाटतो. याची सुरुवात पैशांच्या हिशेबातून झाली. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. येणारे कॉल फुकट झाले ते २००३ मध्ये. त्यानंतरही कंपनीगणिक दर वेगळे, म्हणून एक सिम बोलायला आणि दुसरं नेटला, असा संसार सुरू झाला. आता दर सारखेच असले तरी दुसरं सिम टिकून आहे आणि त्याचं कारण भिंतींमध्ये आहे. कमी वारंवारतेच्या लहरी काँक्रीटमधून बऱ्यापैकी आत शिरतात, जास्त वारंवारतेच्या अडतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर जिथे स्वयंपाकघरापर्यंत पोचते, तिथे ५जीची ३,३०० मेगाहर्ट्झच्या पुढची लहर खिडकीपाशीच दमते. कुठल्या कंपनीचा टॉवर किती लांब आणि तिच्याकडे कुठली लहर, यावर कुठलं सिम हॉलमध्ये चालेल आणि कुठलं बेडरूममध्ये, हे ठरतं.

लोकलमध्ये फोनला आणखी कष्ट पडतात. डबा धातूचा, आत माणसं खच्चून भरलेली आणि दोन्ही गोष्टी लहरी अडवणाऱ्या. गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर मिनिटाला एक किलोमीटर मागे पडतो. शहरात टॉवर जवळजवळ असल्याने फोनला मिनिटभरात एकदा किंवा जास्त वेळा एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो आणि गाडीतले हजारो फोन हे जवळपास एकाच क्षणी करतात. खाडी ओलांडून कळवा-मुंब्र्याकडे जाताना कॉल तुटतो, त्यामागे हेही एक कारण. सिग्नल क्षीण झाला की फोन आपली ताकद वाढवून ओरडतो आणि बॅटरी झरझर उतरते. ठाण्याला चढताना साठ टक्के असलेला फोन कल्याणला उतरताना गरम का लागतो, त्याचं उत्तर यात आहे. वाटेत काही पाहायचं असेल तर ते आधीच डाउनलोड करून ठेवावं. बॅटरीही वाचते आणि चिडचिडही.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये रेडिओ एकच असतो आणि तो आळीपाळीने दोन्हीकडे कान देतो. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्यावर फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं, ते यामुळे.

आजोबांचं ‘काय म्हणालास?’

पण नाक्यावरची प्रत्येक निवड बरोबर असते असं नाही. तलावपाळीवर संध्याकाळी बसलेल्या आजोबांच्या हातात अनेकदा २जीचा जुना फोन असतो. बटणं मोठी, आवाज मोठा, घोळ नाही. तरी ते प्रत्येक वाक्यानंतर ‘काय म्हणालास?’ विचारतात आणि घरचे त्यांच्या कानांना दोष देतात.

वयानुसार आधी कमी होतात ते वरच्या पट्टीतले आवाज. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं ओळखण्याच्या बऱ्याच खुणा याच पट्टीत असतात. जुन्या पद्धतीचा कॉल ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो, म्हणजे या खुणांचा मोठा भाग मुळात निघतच नाही. आवाज कितीही मोठा केला तरी जे आलंच नाही ते ऐकू कसं येणार? ४जीवरचा व्होल्टी कॉल ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेऊ शकतो. दोन्ही टोकांना तशी सोय असेल तर ‘साठ’ की ‘आठ’ हा गोंधळ बराच कमी होतो. आजोबांना बटणंच हवी असतील तर ४जीवर चालणारे बटणाचे फोन २०१७ पासून मिळतात. त्यांच्या वाढदिवसाला महागडा स्मार्टफोन देण्यापेक्षा हा फोन जास्त उपयोगाचा.

खोक्यावरचा सर्वात मोठा आकडा

कॉलेजची मुलं दुकानात शिरतात ती बहुधा मेगापिक्सेलचा आकडा विचारत. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्रीच्या रोषणाईचा फोटो काढतो, तेव्हा तो सहसा शेजारशेजारचे नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचंच चित्र हाती देतो. अंधारात एकेका चिमुकल्या पिक्सेलवर प्रकाशाचे फार थोडे कण पडतात, म्हणून त्यांची बेरीज करावी लागते. रात्रीचा फोटो चांगला येतो तो सेन्सर मोठा असला, भिंग जास्त प्रकाश आत घेणारं असलं आणि हात स्थिर राहिला तर. म्हणून आकडा विचारण्यापेक्षा दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक फोटो काढून पाहावा.

नवा घेण्याआधी

जुना फोन हाती येत असेल तर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो चोरीचा नाही ना, हे सरकारच्या संचार साथी सेवेवर तपासावं. फोनच्या लहरींची धास्ती वाटत असेल तर अनेक फोनवर *#०७# दाबलं की त्याचं एसएआर मूल्य, म्हणजे शरीरात किती लहरी शोषल्या जातात याचं माप, दिसतं. भारतात २०१२ पासून या मूल्याची कमाल मर्यादा किलोला १.६ वॅट आहे.

आणि आपलाच फोन ‘म्हातारा झाला’ असं वाटत असेल तर आधी सेटिंगमध्ये बॅटरीची प्रकृती पाहा. साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झालेली बॅटरी मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, आणि थकलेली बॅटरी वेळेवर पुरेसा विद्युतदाब देऊ शकली नाही की फोन अडखळतो, अचानक बंद पडतो. चिप, स्क्रीन, कॅमेरा तोवर ठणठणीत असतात. त्या वेळी नव्या फोनच्या हप्त्यापेक्षा नवी बॅटरी कितीतरी स्वस्त पडते. तेव्हा नाक्यावरच्या दुकानात गेल्यावर ‘नवीन काय आलंय?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला विचारायचा तो, ‘याची बॅटरी बदलून मिळेल का?’