आधी ब्रेक, मग इंजिन

कल्याणहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६१ अहिल्यानगर, पाथर्डी, गढी करत माजलगावात येतो आणि पुढे पाथरी-परभणीकडे जातो. उसाच्या हंगामात या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री-बेरात्री रस्त्यावर असतात, कित्येकांच्या मागे दिवाही नसतो. गाडी पळवायची हौस मात्र इथेही आहे, आणि ती सगळीकडे असते त्याच क्रमानं भागवली जाते: आधी फटाका सायलेन्सर, मग मॅगव्हील, मग पिकअप वाढवायची खटपट. ब्रेककडे लक्ष जातं ते चाकातून खरखर ऐकू आल्यावर. रस्त्यावरची गाडी ट्रॅकसाठी तयार करणारे लोक नेमकं याच्या उलट जातात.

महाराष्ट्रात हे काम सर्वांत पद्धतशीरपणे झालं ते एका साध्या हॅचबॅकवर. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९मध्ये सुरू झाला, त्याच वर्षअखेरीस तिथून पोलो बाहेर पडू लागली, आणि २०१०मध्ये याच गाडीची ‘पोलो कप’ ही शर्यतमालिका उभी राहिली. सगळ्यांना एकसारखी गाडी, त्यामुळे फरक फक्त चालवणाऱ्याचा. पहिल्या पोलो कपची गाडी चक्क डिझेलवर धावत होती: १.६ लिटरचं इंजिन, १३० अश्वशक्ती. पुढे १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही जोडून १८० अश्वशक्ती काढली. पोलोनंतर व्हेंटो आली, आणि २०१७मध्ये अमिओ; तिच्यात १.८ लिटरचं २०५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. कोल्हापूरच्या ध्रुव मोहिते यांच्यासारखे मराठी चालक याच मालिकेत धावले.

हौस अर्थातच जुनी आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात बनवलेल्या फियाट चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत उतरत. मुंबईत जी गाडी टॅक्सी म्हणून मीटर पाडून फिरे, तिचीच भावंडं तिथे बंपर काढून, कार्ब्युरेटर बदलून पळत. पुढे मारुती एस्टीमनं ती जागा घेतली. एस्टीम शोरूममधून गेली तरी ट्रॅकवर कित्येक वर्षं टिकली, कारण ती वजनाला हलकी, इंजिन साधं, आणि सुटे भाग कुठेही मिळणारे.

आता मुख्य गोष्ट. समजा ११०० किलोची गाडी सरळ पट्ट्यावर ताशी १६० किलोमीटरनं येते आणि वळणासाठी ६०वर उतरते. या तीन-चार सेकंदांत ब्रेकला जवळपास साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. घरातलं तीन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण इतकीच उष्णता लागते. त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांचा, कारण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखादा लागत असेल. ट्रॅकवर तो एका फेरीत चार-पाच वेळा लागतो आणि फेऱ्या सलग चालतात. डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

मग दोन प्रकारे घात होतो, आणि ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यात पेडल घट्ट लागतं, पाय जोर लावतो, पण गाडी थांबायला तयार नसते. इथे पॅड तापून त्याची पकड गेलेली असते. दुसरा प्रकार अधिक वाईट: पेडल सरळ खाली बसतं. गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑईल म्हणतात ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि वाफ दबते. हे ऑईल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५वर येते. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी पहिला खर्च ताज्या ऑईलचा आणि चांगल्या पॅडचा. इतर कुठल्याही बदलापेक्षा हा खर्च कमी, आणि हाच बहुतेक जण टाळतात.

ब्रेकनंतर टायर. रबर तापलं की आतली हवाही तापते आणि दाब चढतो, त्यामुळे दाब मोजायचा तो फेऱ्या मारून आल्यावर, टायर गरम असताना. शिवाय वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा टायर फक्त कडेवर घासला जातो. यावर उपाय म्हणून चाकांचा वरचा भाग आतल्या बाजूला झुकवतात. रस्त्यावर हा झुकाव एखाद्या अंशाच्या आत असतो, ट्रॅकवर अडीच-तीन अंशांपर्यंत नेतात. अशी गाडी रोज माजलगाव ते बीड चालवली तर टायर आतल्या कडेनं झिजून जातील. कडक स्प्रिंगांचंही तसंच. खड्ड्यांच्या रस्त्यावर कडक गाडीचं चाक जमिनीवरून उडतं, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते.

इंजिनाबद्दल लोक ताकद विचारतात. जाणता मिस्त्री ऑईलची पातळी विचारतो. लांबलचक वळणात इंजिनाखालच्या चेंबरमधलं ऑईल एका बाजूला जमा होतं, पंप ऑईलऐवजी हवा ओढतो, आणि काही सेकंदांत बेअरिंग जाऊन इंजिन बसतं. त्यासाठी चेंबरमध्ये आडपडदे घालतात. ताकद वाढवण्याचा सोपा मार्ग, म्हणजे टर्बो गाडीचं सॉफ्टवेअर बदलणं, तासाभरात होतो. पण वाढलेल्या ताकदीबरोबर उष्णताही वाढते, आणि चेन्नईच्या उन्हात रेडिएटरला ती बाहेर टाकणं जड जातं.

शर्यतीच्या पोलोतून मागची सीट, गालिचे, आवाज अडवणारे थर निघतात आणि त्या जागी पोलादी पाइपांचा पिंजरा बसतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याच्या मुख्य कमानीचा पाइप ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० व्यासाचा आणि दोन जाडीचा लागतो. गाडी उलटली तरी छप्पर खाली येत नाही. हाच पिंजरा रस्त्यावर मात्र धोक्याचा: हेल्मेट नसेल तर साध्या धडकेतही डोकं पाइपावर आपटतं.

कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

राहिला प्रश्न चालवायचं कुठे. याच महामार्गावरच्या अहिल्यानगरात संरक्षण खात्याच्या ‘व्हीआरडीई’चा चाचणी ट्रॅक आहे, पण तो वाहनांच्या तपासणीसाठी, हौशींसाठी नाही. कोल्हापुरात मोहिते यांच्या अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. वळण कसं घ्यायचं हे शिकायला कार्टइतकं स्वस्त साधन नाही. पूर्ण आकाराच्या गाडीसाठी कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी स्पीडवे, चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, नाहीतर दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट.

पोलोचं भारतातलं उत्पादन २०२२मध्ये थांबलं. त्यामुळे ट्रॅकसाठी पोलो घेणारा आता जुन्या बाजारात फिरतो आणि १.२ लिटर टर्बोची ‘जीटी’ शोधतो. पिंजरा न बसवता, मूळ सीट ठेवून, फक्त पॅड, ब्रेक ऑईल आणि टायर बदलले तर ती गाडी माजलगावहून हजारएक किलोमीटर चालवत चेन्नईला नेता येते, आणि दुसऱ्या दिवशी चालवत परतही आणता येते. पिंजरा बसला की मग ट्रक ठरवावा लागतो, आणि जाण्यायेण्याचं भाडं धरून हिशेब नव्यानं मांडावा लागतो.