व्यवसायाच्या संकेतस्थळावर काय असावे?
आशयाचे प्रकार आणि त्यांची निवड

पंपाच्या दुकानात एखादा शेतकरी येतो, तेव्हा जाणता दुकानदार त्यास लगेच किंमत सांगत नाही. विहीर किती खोल आहे, उन्हाळ्यात पाणी किती खाली जाते, शेत विहिरीपासून किती उंचावर आहे, वीज सिंगल फेजची आहे की थ्री फेजची, असे चार प्रश्न तो आधी विचारतो. आणि मगच समोरच्या यंत्रांपैकी एकाकडे बोट दाखवितो. ग्राहकही यंत्रावरून हात फिरवून पाहतो, शंका विचारतो, शेजाऱ्याचा अनुभव सांगतो. खरेदीचा निर्णय या देवघेवीतून होत असतो.

संकेतस्थळावर हा दुकानदार नसतो. ग्राहक एकटाच पडद्यासमोर बसलेला असतो, आणि त्याचे प्रश्न उच्चारले जाण्यापूर्वीच त्यांची उत्तरे तेथे लिहून, रेखाटून वा चित्रित करून ठेवावी लागतात. या सर्व सामग्रीस मिळून ‘आशय’ असे म्हणतात. आशयाची निवड ही सजावटीची बाब नसून विक्रेत्याच्या अनुपस्थितीत ग्राहकाची दिशाभूल होऊ न देण्याची बाब आहे, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

जुनी परंपरा

ग्राहकास उपयुक्त माहिती पुरवून व्यवसाय वाढविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेतील जॉन डिअर या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’, म्हणजे ‘नांगराचे तास’, या नावाचे शेतकऱ्यांसाठी नियतकालिक सुरू केले. आपल्या देशात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनविण्यास प्रारंभ केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे कारखाना उभारला, आणि त्याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघू लागले. प्रारंभी कारखान्याचे वृत्त देणारे हे पत्रक पुढे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. ज्यास नांगर विकावयाचा, त्या माणसाच्या जीवनात नांगराखेरीज आणखीही पुष्कळ काही असते, ही जाणीव या दोन्ही उपक्रमांत दिसून येते.

छापील पत्रकात मजकूर, चित्र आणि कोष्टक एवढीच साधने होती. १९९१ मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिले संकेतस्थळ खुले केले, तेव्हा त्यावरही प्रायः मजकूरच होता. मजकुराच्या ओळींमध्येच चित्र दाखविणारा ‘मोझॅक’ हा न्याहाळक १९९३ मध्ये आला व त्याने या माध्यमाचा झपाट्याने प्रसार केला. भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आज ध्वनी, चलच्चित्र, आलेख, प्रश्नावली अशी सर्व साधने लहानशा व्यापाऱ्याच्याही हाती आहेत. साधनांची वाण संपली. निवडीची अडचण मात्र सुरू झाली.

प्रथम प्रश्न, मग रूप

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच एक मार्मिक विचार मांडला होता. माहितीची समृद्धी झाली की माहिती ज्याचा ग्रास घेते त्याची, म्हणजे मनुष्याच्या अवधानाची, टंचाई उत्पन्न होते, असा त्याचा आशय आहे. म्हणून ‘आपणांस काय काय दाखविता येईल?’ या प्रश्नापासून आरंभ करणे चुकीचे होय. ‘ग्राहक काय विचारील, आणि कोणत्या अज्ञानामुळे त्याचे नुकसान होईल?’ या प्रश्नापासून आरंभ केला पाहिजे.

पंपाचेच उदाहरण पुढे चालवू. जमिनीवर बसविलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो; वस्तुतः तो नळीतील दाब कमी करतो, आणि बाहेरील वातावरणाचा दाब पाण्यास वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचाच जलस्तंभ तोलून धरू शकतो. घर्षणादी कारणांमुळे व्यवहारात ही मर्यादा सहा-सात मीटरांवरच येऊन ठेपते. पंपाची अश्वशक्ती कितीही वाढविली तरी ती ओलांडता येत नाही. विहिरीचे पाणी पंपापासून १२ मीटर खाली असेल, तर पंपच खाली उतरवावा लागेल, अथवा पाण्यात बुडून चालणारा पंप घ्यावा लागेल.

आता अशी कल्पना करा की, एका संकेतस्थळावर पंपाचे सुंदर छायाचित्र आहे, कारखान्याचे चलच्चित्र आहे, संस्थापकांचे मनोगत आहे. परंतु वरील मर्यादा सांगणारी दोन वाक्ये कोठेही नाहीत. त्या संकेतस्थळाने विक्री कदाचित होईल. पण कर्ज काढून पंप घेणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतात पाणी येणार नाही. उलट, केवळ त्या दोन वाक्यांचे साधे पृष्ठ त्याचे पैसे व हंगाम दोन्ही वाचवील.

प्रत्येक रूपाचे कार्य

आशयाची विविध रूपे परस्परांची स्पर्धक नाहीत. प्रत्येकाचे कार्य वेगळे आहे.

कारणे, अटी, अपवाद आणि इशारे यांसाठी मजकूर हेच साधन योग्य होय. ‘जर’, ‘तर’, ‘परंतु’, ‘याखेरीज’ हे शब्द चित्राने दाखविता येत नाहीत. हमीची मुदत, माल परत करण्याच्या अटी, वापराच्या मर्यादा या गोष्टी म्हणूनच स्पष्ट वाक्यांत असाव्यात.

तुलनेसाठी कोष्टक हवे. सेकंदास ५ लिटर पाणी निरनिराळ्या उंचीवर चढविण्यास किती शक्ती लागेल? एक लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर चढविण्यास सुमारे ९.८ वॉट शक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली व नळीतील घर्षण तूर्त सोडून दिले, तर उत्तर असे येते:

१० मीटर : १.१ अश्वशक्ती
२० मीटर : २.२ अश्वशक्ती
३० मीटर : ३.३ अश्वशक्ती
४० मीटर : ४.४ अश्वशक्ती

हीच माहिती परिच्छेदात गुंफली असती, तर वाचकास ती शोधून काढावी लागली असती. कोष्टकात दृष्टी आपल्या उपयोगाच्या ओळीवर थेट जाते.

दोन राशींचा संबंध सरळ नसेल, तेव्हा आलेख अधिक बोलका ठरतो. पाणी जितके उंच चढवावे तितका पंपाचा विसर्ग घटतो. पण तो सर्वत्र सारख्या प्रमाणात घटत नाही. उंची आणि विसर्ग यांची वक्ररेषा काढली की, पंप कोठवर नीट काम देतो आणि कोठून थकू लागतो, हे एका दृष्टिक्षेपात कळते. व्यापारविषयक आकडे आलेखांनी दाखविण्याची पद्धत विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये आपल्या ग्रंथात वापरली होती. तिची उपयुक्तता आजही कमी झालेली नाही.

वस्तू दिसते कशी, हे छायाचित्र सांगते. ती आतून कशी आहे, हे रेखाकृती सांगते. साडीचा रंग छायाचित्रातच पाहिला पाहिजे. पंपातील पाणी कोणत्या मार्गाने जाते हे दाखविण्यास मात्र छेद घेतलेली आकृतीच हवी. चलच्चित्राचे खरे क्षेत्र म्हणजे क्रमाने घडणारी कृती: पंप चालू करण्यापूर्वी त्यात पाणी कसे भरावे, व्हॉल्व्ह कसा बसवावा. जेथे काही हलत नाही, तेथे चलच्चित्राने ग्राहकाचा वेळ मात्र खर्च होतो.

आशयाचे वजन

प्रत्येक रूपास वजनही असते. युनिकोडच्या यू.टी.एफ.-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे २,००० चिन्हांचा मजकूर सुमारे ६ किलोबाइटांत मावतो. ३ मेगाबाइटांचे एक छायाचित्र त्याच्या पाचशेपट भरते. सेकंदास १ मेगाबिट या गतीचे एका मिनिटाचे चलच्चित्र साडेसात मेगाबाइट होते, म्हणजे मजकुराच्या साडेबाराशेपट. डोंगराळ वा दूरच्या गावी, जेथे मोबाइलचा संकेत क्षीण असतो, तेथे जड पृष्ठ उघडण्यापूर्वीच ग्राहक कंटाळून निघून जातो. म्हणून चित्रे योग्य तेवढी लहान करावीत, आणि अत्यावश्यक माहिती केवळ चित्रात वा चित्रफितीत कोंडून ठेवू नये.

याचे दुसरेही कारण आहे. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या साहाय्याने संकेतस्थळे वापरतात. चित्रासोबत पर्यायी वर्णन दिलेले नसेल, तर त्यांच्यासाठी ते चित्र नसल्यासारखेच असते. अशा सुगमतेचे पहिले आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन १९९९ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. तसेच, ज्यास ऐकू येत नाही त्याच्यासाठी चलच्चित्राखाली शब्द हवेत. आणि ज्यास वाचता येत नाही त्याच्यासाठी त्याच्या भाषेतील ध्वनी हवा. आपला ग्राहक कोण, हे जाणल्याखेरीज रूपाची निवड होऊच शकत नाही.

विश्वासाचा आशय

ग्राहकांचे अभिप्राय हा आशयाचा एक प्रभावी प्रकार आहे, आणि सर्वांत सहज भ्रष्ट होणाराही. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे, हे २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनी निषिद्ध ठरविले आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानकही प्रसिद्ध केले. त्याच २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचा परिचय, माल परत घेण्याच्या व परताव्याच्या अटी, तक्रार कोणाकडे करावी इत्यादी माहिती देणे ऑनलाइन व्यापारात बंधनकारक आहे. ही माहिती रुक्ष वाटेल. परंतु अपरिचित दुकानात प्रथमच पैसे मोजणाऱ्यास तीच सर्वाधिक धीर देते.

एक सोपी कसोटी

संकेतस्थळाचे प्रत्येक पृष्ठ सिद्ध झाल्यावर त्यास तीन प्रश्न विचारावेत: हे ग्राहकाच्या कोणत्या शंकेचे उत्तर आहे? त्या उत्तरास हेच रूप सर्वांत सुलभ आहे काय? आणि हे पृष्ठ काढून टाकले तर कोणाचे काही अडेल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते पृष्ठ कितीही देखणे असले तरी काढून टाकण्यास संकोच करू नये.

चांगला दुकानदार प्रसंगी ‘ही वस्तू आपल्या कामाची नाही’ असेही सांगतो, आणि म्हणूनच गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडे येते. हे सांगण्याचे धैर्य ज्या संकेतस्थळाच्या आशयात असेल, ते त्या दुकानदाराची जागा खऱ्या अर्थाने भरून काढील.